सातवीची नजर

१

चूक माणसाच्या हातून घडते आणि तिचे प्रायश्चित्तही माणसाच्याच हाती असते. म्हणून चुकीचे मला फारसे भय वाटत नाही. भय वाटते ते एका घटकेचे. एकाच्या चुकीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन पडतो आणि ज्याची ती चूक आहे तो ते पाहत स्वस्थ बसतो, ती घटका. तोवर जो केवळ प्रमाद असतो, त्याचा तिथून पुढे अन्याय होतो. अशा एका अन्यायात एका मुलीचे नाव कसे सापडले आणि कसे सुटले, एवढीच ही हकीगत आहे.

चाळीस वर्षे मी जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याचे काम केले. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती समोर मांडायच्या, ओळीला ओळ लावायची, आणि कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे त्यांच्यातील बारीक फरकांवरून ठरवायचे. निवृत्तीनंतर एका तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यशाळेत मला बोलावणे आले. तिथे व्हिडिओ गेम तयार होत होता, आणि त्यातील पात्रांच्या तोंडी गंभीर वाक्ये घालायला त्यांना कोणी हवे होते. सोमवारी आणि गुरुवारी मी जात असे. सगळे मला गुरुजी म्हणत.

तो खेळ मला मनापासून आवडला होता, हे कबूल करतो. खेळणाऱ्याच्या हाती त्यात शस्त्र नसते. असतो फक्त कॅमेरा. समोर एकामागून एक सात महाशक्ती उभ्या राहतात. त्यांना ही मंडळी ‘बॉस’ म्हणतात. प्रत्येक बॉसच्या अंगातून रंगीत गोळ्यांची चक्रे आणि फुले उमलत खेळणाऱ्याच्या अंगावर येतात. त्यांतून वाट काढायची, जवळ जायचे, आणि बॉसचे छायाचित्र टिपायचे. चौकटीत येतील तेवढ्या गोळ्या त्या क्षणी पडद्यावरून विरून जातात. छायाचित्रात मात्र त्या राहतात. जितके जवळून छायाचित्र, तितके गुण अधिक. मारायचे कोणालाच नाही. फक्त पाहायचे, आणि पाहिल्याचा पुरावा आणायचा.

त्या गुरुवारी दहा वाजता मी जिना चढून आत गेलो, तेव्हा कोणीही मान वर केली नाही. कार्यशाळेच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे ताई म्हणत, त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मोठ्या पडद्यावर एक छायाचित्र होते. सातवी बॉस. कृश, वृद्ध स्त्री, खांद्यावर गाठी मारलेल्या किनारीची शाल, भोवती गोळ्यांचे पांढरेशुभ्र वलय. चित्र इतके जवळचे होते की तिच्या गालावरच्या सुरकुत्या मोजता आल्या असत्या.

“हे काल सकाळी आठ वाजल्यापासून इंटरनेटवर फिरतंय, गुरुजी,” ताई न वळता म्हणाल्या. “खेळ बाहेर पडायला आठ दिवस आहेत. सातवी कोणालाही दाखवायची नाही, हा प्रकाशकांशी केलेला करार. त्यांना आज संध्याकाळी सहाच्या आत नाव हवंय.”

“कोणाचे?”

त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिले. तिथे ती मुलगी बसली होती, आणि तिच्या समोरचा पडदा बंद होता.

२

तिचे काम खेळ खेळून त्यातले दोष शोधण्याचे. वर्षभरापूर्वी ती आली. खेळताना तिची पापणी लवत नसे, म्हणून सगळे तिला पापणीच म्हणू लागले, आणि आता तीही स्वतःला तेच म्हणत असे.

“इतक्या जवळून सातवीचा फोटो काढू शकणारी जगात एकच व्यक्ती आहे,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “प्रकाशकांच्या बाई हेच म्हणाल्या. नेटवरचे लोकही तिलाच चोर ठरवतायत. ते तिचं नाव त्यांच्या सगळ्या लोकांना कळवणार आहेत. म्हणजे या धंद्यात तिला परत कोणी दारात उभं करणार नाही.”

“तुम्हाला ते खरे वाटते?”

“मला काय वाटतं ते विचारू नका. मला रात्री झोप लागली नाही एवढं सांगते. तुम्ही जन्मभर खऱ्याखोट्या प्रती निवडल्यात. हेही एकदा बघा.”

मी खुर्ची ओढून पापणीजवळ बसलो. तिचे डोळे लाल होते.

“मी रडत नाहीये, गुरुजी,” ती आधीच म्हणाली. “मला राग आलाय. दोन्हींत डोळ्यांतून पाणीच येतं, त्याला मी काय करू?”

“काही करू नकोस. मला एवढेच सांग, हे चित्र तू काढलेस?”

“नाही.”

“तुला काढता आले असते?”

ती क्षणभर थांबली. थापा मारणारा माणूस इथे ‘नाही’ म्हणाला असता. ती म्हणाली, “आलं असतं. वर्षात दोनदा आलंय. म्हणून तर अडकलेय.”

“तू काढलेली चित्रे ठेवतेस?”

“सगळी. तारीख-वेळेसकट. सातवीचे त्रेचाळीस फोटो आहेत. हेही माझ्या विरुद्धच जातंय, माहितेय मला.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आई वर्षभर शेजारणींना सांगायची, मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे. गेल्या महिन्यात पहिल्यांदा खरं बोलली, की आमची मुलगी गेम खेळते आणि त्याचा पगार आणते. छाती काढून बोलली, गुरुजी. आता तिला जाऊन काय सांगू?”

“सहापर्यंत काही सांगू नकोस.”

“मी जाणार नाहीये,” ती म्हणाली. “सामान आवर म्हणाले तरी नाही. मी केलं नाही, तर उठू कशाला?”

तिने पडदा सुरू केला आणि त्रेचाळीस चित्रांची घडी माझ्यापुढे उलगडली. मी खिशातून वही काढली. परंतु प्रती ताडण्याआधी त्या ज्या हातांतून गेल्या ते हात पाहायचे असतात. मी उठलो.

३

खेळातील गोळ्यांची सगळी चक्रे आणि फुले ज्याने रचली, त्याला सगळे गणिती म्हणत. तो दाढी खाजवत आकड्यांच्या ओळींत बुडाला होता.

“मला विचारणार असाल तर विचारा, पण उभ्या उभ्या,” तो म्हणाला. “दादांनी मेहेरबानी केलीय माझ्यावर. शेवटचा आठवडा आणि साहेब अजून किनार विणतायत! काल जेवणानंतर सर्व्हरवर एक गाठ चढवली. एक गाठ! त्यासाठी मी आख्खा खेळ परत बांधला. तीन तास गेले एका गाठीपायी.”

दादा म्हणजे ताईंचे थोरले बंधू. या खेळातील प्रत्येक चेहरा, प्रत्येक वस्त्र त्यांच्या हातचे.

“असे चित्र न खेळता काढता येते काय?” मी विचारले.

“येतं ना. मोकळा कॅमेरा असतो आमच्याकडे. खेळ जागच्या जागी गोठवायचा आणि कॅमेरा हवा तिथे उडवत न्यायचा. अगदी नाकासमोर. खेळातल्या फोटोला असते ती पांढरी कडसुद्धा लागते, एक बटण दाबलं की झालं.”

“तो पापणीच्या यंत्रावर आहे?”

“छे! तिला तोच खेळ दिलेला असतो जो बाहेर लोकांना मिळणार. मोकळा कॅमेरा आम्हा तिघांकडेच. ताई, दादा, मी.”

“मग तुम्हा तिघांचा विचार कोणी केला नाही?”

गणिती माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी त्याला स्वतःचेच घर फोडल्याबद्दल विचारले होते. “आमचा? आम्ही कशाला काढू, गुरुजी? घरचाच खेळ आहे.”

“तुम्हाला खेळ पुढे ढकलला जायला हवा होता, असे ऐकले.”

“हवा होता. शेवटचं चक्र मला अजून नीट वाटत नाही. म्हणून काय बोंबा मारत रस्त्यावर जाऊ?” तो चिडला, मग ओशाळून म्हणाला, “आणि मी फोटो काढला असता तर चक्र पूर्ण दिसेल असा काढला असता. हा बघा की, माझं फूल डाव्या कडेला अर्धं कापलंय. कुणी गाढवानं काढलाय कोण जाणे.”

मी वहीत टिपून घेतले.

दादा आतल्या खोलीत होते. त्यांच्या टेबलावर ब्रशही होते आणि संगणकावर चित्र काढायची काचेची पाटीही; भिंतीवर कागदी रेखाटने टाचलेली होती. मला पाहताच ते उठून उभे राहिले. हा त्यांचा नेहमीचा विनय. पन्नाशीचा माणूस, परंतु वडीलधाऱ्यासमोर बसत नसे.

“वाईट झालं, गुरुजी,” ते म्हणाले. “फार वाईट झालं.”

“पापणीने केले असे वाटते तुम्हाला?”

त्यांनी एक ब्रश उचलला, निरखला, परत ठेवला. “चांगली पोर आहे ती.”

“मी ते विचारले नाही.”

इतक्यात टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. त्यांनी पटकन तो उलटा करून ठेवला. “दवाखान्यातून असेल. माझ्या बाई आहेत तिथे. चित्रकलेच्या. मला पेन्सिल धरायला ज्यांनी शिकवलं त्या. काल सकाळी डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी शनिवारी सुटेल. दिसेल की नाही, डॉक्टर काही बोलत नाहीत.”

“देव त्यांना दृष्टी देवो,” मी म्हणालो, आणि भिंतीवरच्या एका जुन्या रेखाटनापाशी थबकलो. कृश वृद्ध स्त्री, खांद्यावर शाल.

“ह्याच त्या?”

“ह्याच,” दादा म्हणाले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. त्यांचे मौन मला दुःखाचे वाटले. ते कशाचे होते हे कळायला अजून काही तास जायचे होते.

४

पापणीच्या टेबलाशी बसून मी माझे जुनेच काम नव्याने केले. एका अंगाला बाहेर फुटलेले चित्र, दुसऱ्या अंगाला तिची त्रेचाळीस. शाल, सुरकुत्या, गोळ्यांचे वलय, हातांची मुद्रा. मी एकेक रकाना पाडत गेलो. पापणी चित्रे पुढे सरकवत होती.

सतराव्या चित्रापाशी मी थांबलो. सोळाव्याकडे परत गेलो. मग पहिल्याकडे, सर्वांत अलीकडच्या.

“ही तुझ्याकडे पाहते आहे,” मी म्हणालो.

“कोण?”

“सातवी. या चित्रात, या चित्रात, आणि यातही. तिची बुबुळे थेट कॅमेऱ्यात आहेत.”

पापणी वाकली. “हो. लांबून दिसत नाही, दोन ठिपकेच असतात. जवळ गेलं की कळतं. मला पहिल्यांदा जाम भीती वाटली होती.”

“नेहमीच असे असते?”

“आठ महिन्यांपासून नेहमीच. गणितीला विचारा की.”

मी विचारले. तो दुरूनच ओरडला, “दादांचा हट्ट होता! म्हणाले, जो तिला बघतो त्याच्याकडे तिनंही बघितलं पाहिजे. खेळाडू जिथे उभा, तिथे तिची नजर. दोन दिवस घालवले मी त्या बुबुळांवर, आणि विसरूनही गेलो.”

मी मोठ्या पडद्याकडे पाहिले. त्या चित्रातली सातवी आमच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर खाली, डाव्या कोपऱ्याकडे झुकलेली होती; जणू चौकटीबाहेर कोणी दूर, पायाशी उभे होते.

“खेळ सुरू होतो तेव्हा खेळाडू कुठे उभा असतो?”

“अगदी खाली,” पापणी म्हणाली आणि तिचा हात यंत्रावर जागीच थांबला. “गुरुजी... खेळाडू खालीच उभा आहे. तो हललेलाच नाही. कॅमेरा एकटाच वर गेलाय.”

दुपारच्या जेवणानंतर मी सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बोलावले आणि नजरेचे हे सांगितले. ताईंनी डोळे मिटून घेतले. गणिती मात्र वाद घालू लागला. आपल्या रचनेवर त्याचा विश्वास नव्हता असे नव्हे. परंतु तो प्रामाणिक होता.

“थांबा, थांबा. तिच्या आठ महिन्यांतल्या फोटोंत एवढं जवळचं एकही नाही. ते दोन होते ते नजर लावण्याआधीचे आहेत. इतक्या जवळ गेल्यावर बुबुळं कुठे जातात, हे मी कधी तपासलंच नाही. कदाचित तिथे हिशेब चुकून नजर खाली पडत असेल. प्रकाशकांच्या बाई पहिल्यांदा हेच विचारतील.”

 त्याचे म्हणणे रास्त होते.

पापणी उठली. तिने मोठ्या पडद्याशी आपले यंत्र जोडले, खुर्ची पुढे ओढली आणि बाह्या वर सारल्या.

“मग बघू या,” ती म्हणाली. “तेवढ्याच जवळ जाते.”

“वर्षात दोनदा जमलंय तुला!” ताई म्हणाल्या.

“तिसऱ्यांदा आज.”

५

तेव्हा घड्याळात दोन वाजून वीस मिनिटे झाली होती.

पहिल्या खेपेला ती अर्ध्या वाटेवर पडली. दुसऱ्या खेपेला त्याआधीच. खेळाडूचे इवलेसे चित्र गोळ्यांच्या वलयांतून सरकत वर जाई, एखादी पांढरी पाकळी त्याला स्पर्श करी, आणि पडदा काळा होई. पापणी लगेच पुन्हा सुरुवात करी. सातव्या खेपेला गणितीने तोंडावर हात धरला. नवव्या खेपेला ती इतकी जवळ पोहोचली की ताई खुर्चीतून उठल्या. परंतु वाट मोकळी करायला एक चित्र टिपल्यावर खेळातल्या कॅमेऱ्याचे रीळ गुंडाळायला जो वेळ लागतो, त्यात ती सापडली.

“थोडी थांब, पाणी पी,” ताई म्हणाल्या.

“नको.”

“हट्टी आहेस.”

“आहेच. हट्टी नसते तर तुम्ही ठेवलं असतं का मला?”

बाराव्या खेपेला तिचा अंगठा घसरला. तिने तो ओढणीला पुसला. चौदाव्या खेपेनंतर ती मला म्हणाली, “गुरुजी, मी तिच्या गोळ्या बघत होते. ते चुकतंय. तिच्याकडेच बघायला पाहिजे.”

दादा दाराच्या चौकटीत उभे होते. ते पडद्याकडे पाहत नव्हते. तिच्या हातांकडे पाहत होते.

विसाव्या खेपेला गोळ्यांचे शेवटचे फूल उमलू लागले तेव्हा ती मागे हटली नाही. दोन पाकळ्यांच्या मध्ये सुईच्या नेढ्याएवढी जागा होती. तीत ती शिरली आणि थबकली. एक पाकळी कानाजवळून गेली. दुसरी खांद्याजवळून. पापणीची पापणी लवली नाही. मग तिने कळ दाबली.

पडदा पांढरा झाला. गोळ्या विरून गेल्या. आणि त्या पांढऱ्या कडेच्या चौकटीत सातवी उभी राहिली. गालावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. दोन्ही बुबुळे थेट आमच्या डोळ्यांत रोखलेली होती.

गणितीने उडी मारली. “सरळ! अगदी सरळ! नजर बरोबर आहे माझी!”

ताईंनी पापणीला मागून कवटाळले.  मुलीने हातातले बटणांचे यंत्र खाली ठेवले.

“झालं ना?” तिने मला विचारले. “मी नव्हते, एवढं झालं ना?”

“एवढे झाले,” मी म्हणालो. “परंतु मोकळा कॅमेरा तिघांकडे आहे.”

कोणी कोणाकडे पाहिले नाही. मी वही उचलली.

“या वहीत एक आकडा लिहिलेला आहे. तो तिघांपैकी एकाच यंत्राकडे बोट दाखवतो. आता सव्वातीन वाजले आहेत. पाच वाजता मी तो वाचून दाखवीन. त्याआधी कोणी बोलले, तर वही उघडण्याचे कारण उरणार नाही.”

६

पोथ्यांच्या कामात मी एक गोष्ट शिकलो. लेखनिकाची चूक सापडली की ती समासात लिहायची, ओरडून सांगायची नाही. तो लेखनिक शंभर वर्षांपूर्वी गेलेला असतो, तरीही नाही. इथे तर माणूस जिवंत होता, समोर होता, आणि मला प्रिय होता. म्हणून मी ते पावणेदोन तास त्याला दिले. माझी खात्री होती असे म्हणत नाही. आशा होती.

चार वाजले. ताईंनी सगळ्यांना चहा दिला आणि स्वतःचा प्यायला विसरल्या. गणितीने दोनदा शपथेवर सांगितले की तो नव्हे. साडेचार वाजले. पापणी भिंतीला टेकून बसली होती. ती आता सुटली होती, तरी निघून गेली नाही. घरी फोन कर असे मी सुचवले, तेव्हा म्हणाली, “अर्धीच गोष्ट काय सांगू आईला?”

पाचाला चार मिनिटे असताना दादा आतून आले. ते बहिणीकडे गेले नाहीत, माझ्याकडेही आले नाहीत. ते पापणीसमोर जाऊन उभे राहिले.

“वही राहू दे, गुरुजी,” ते म्हणाले. “मी काढला तो फोटो.”

ताईंच्या हातातला चमचा बशीवर वाजला. “दादा?”

“मंगळवारी संध्याकाळी. बाईंचं ऑपरेशन बुधवारी सकाळी होतं. दिसलं तर दिसलं, नाहीतर नाही, असं चाललं होतं. सातवीचा चेहरा त्यांचाच आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, डोळे आहेत तोवर बघू देत. मोकळ्या कॅमेऱ्यानं काढला, पांढरी कड लावली, आणि पाठवला. त्यांच्या उशाशी त्यांची भाची असते. तिनं मोठा करून दाखवला त्यांना. बाई खूप वेळ बघत राहिल्या म्हणे. भाचीनं कौतुकानं मैत्रिणींना पाठवला. तिला बिचारीला करार काय माहीत. तिथून तो सकाळपर्यंत कुठे कुठे गेला, तिलाही कळलं नाही.”

“मग काल का नाही बोललास?” ताई ओरडल्या. “काल मी या पोरीला तोंडावर विचारलं, तूच ना म्हणून! तू शेजारी उभा होतास!”

“होतो. आधी वाटलं, कोणाचंच नाव निघणार नाही. मग हिचं निघालं. मग वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर लोक विचारतील सकाळी का नाही सांगितलं. जसजसा उशीर केला, तसतसं तोंड उघडणं अवघड होत गेलं.” ते पापणीकडे वळले. “आज तू एकोणीस वेळा पडलीस. मी दारात उभा राहून मोजत होतो. तिची नजर सरळ येणार हे मला माहीत होतं. मीच मागून घेतली होती ती. तरी गप्प राहिलो. माझं चुकलं, पोरी.”

पापणीने मान वर केली. मग तिने विचारले, “बाईंना आवडला का फोटो?”

“म्हणाल्या, किनार बरोबर आहे.”

हे ऐकताच गणिती दचकला. “किनार? एक मिनिट. गुरुजी, वहीत काय आहे?”

मी वही उघडून त्याच्या हाती दिली. “शालीच्या किनारीवरच्या गाठी मोजल्या आहेत मी. पापणीच्या मंगळवारपर्यंतच्या प्रत्येक चित्रात आठ. काल दुपारनंतर काढलेल्यांत नऊ. कारण नववी गाठ काल जेवणानंतर सर्व्हरवर आली; हे तुम्हीच मला सांगितले. परंतु बाहेर फुटलेल्या चित्रातही गाठी नऊच आहेत, आणि ते चित्र काल सकाळी आठला बाहेर होते. त्या वेळी नववी गाठ जगात एकाच यंत्रावर होती.”

“माझी गाठ!” गणिती कपाळावर हात मारून म्हणाला. “तीन तास शिव्या घातल्या मी तिला, आणि चोर तिनं धरला!”

“बाईंच्या शालीला नऊ होत्या,” दादा खाली पाहत म्हणाले. “मंगळवारी जुनं रेखाटन बघताना लक्षात आलं. चुकीची शाल त्यांना कशी दाखवणार?”

मी वही मिटली. इतर कोणी ती नववी गाठ मारली नसती. आणि त्यांनी ती मारली नसती, तर ते कोणाला सापडलेही नसते.

७

सहाला वीस मिनिटे कमी असताना ताईंनी प्रकाशकांना फोन लावला आणि तो दादांच्या हाती दिला. दादांनी काहीही न वगळता सगळे सांगितले. पलीकडच्या बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग त्यांचा आवाज आला. खेळ ठरल्या दिवशीच निघेल. मुलीविषयीचे पत्र त्या फाडून टाकत आहेत. परंतु पुढच्या खेळात चित्रकार दुसरा असावा लागेल. दादा म्हणाले, “मान्य आहे.” 

“श्रेयनामावलीतून माझं नाव काढा,” फोन ठेवून दादा म्हणाले.

“नाव कशाला काढायचं?” पापणी म्हणाली. “ते चेहरे कोणी काढले, मी? नाव राहू दे. पण मला एक पाहिजे. नेटवर दोन दिवस लोक मला चोर म्हणतायत. त्याच पानावर, तुमच्या नावानं, तुमच्या हातानं लिहायचं. आत्ता. मी शेजारी बसते.”

“लिहितो.”

“आणि आईला फोनवर सांगायचं. मी सांगितलं तर तिला वाटेल मीच रचून सांगतेय.”

“सांगतो.”

तिने आपली खुर्ची सरकवून त्यांना जागा केली. दादा आज पहिल्यांदा माझ्यासमोर बसले. त्यांची बोटे कळफलकावर चालू लागली, अडखळली, पुन्हा चालू लागली. पापणी प्रत्येक ओळ वाचत होती. एकदा ती म्हणाली, “‘गैरसमज’ नाही, दादा. ‘मी गप्प राहिलो’ असं लिहा.” त्यांनी खोडले आणि तसे लिहिले.

मी छत्री घेतली आणि जिन्याकडे निघालो. मोठ्या पडद्यावर पापणीने टिपलेले चित्र तसेच होते. सातवी त्या दोघांकडे पाहत होती, आणि मी कोपऱ्यात उभा होतो तिथून मला वाटले, माझ्याकडेही.

ज्या डोळ्यांवर आज पट्टी आहे, ते शनिवारी उघडोत आणि त्यांना उजेड दिसो. ज्या हाताने नववी गाठ मारली, त्या हाताला काम मिळत राहो आणि त्याचे तोंड वेळेवर उघडो. आणि ज्या मुलीने एकोणीस वेळा पडून विसाव्या वेळेची तयारी ठेवली होती, तिच्याकडे जग सदैव असेच सरळ नजरेने पाहो.